उल्हास, औषध सापडलेलं नाही

उल्हास, तू गेलास त्या सकाळी शेजारच्या बायका अंगणात जमल्या आणि त्यातली एक म्हणाली, "सुटलो गो बिचारो." मी म्हटलं, "तो सुटला की नाही ठाऊक नाही. मी सुटले." सख्खी बहीण असं बोलते म्हणून त्यांना धक्का बसला असेल. तुला बसला नसता. तू मान हलवून म्हणाला असतास, "हें खरें."

तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले. मये गावातल्या या घरात आता मी एकटी आहे आणि तुझ्याशी भांडायला मोकळी आहे. तुला आवडणार नाही, पण मी मराठीतच भांडणार. जन्मभर तू मला हेच टोचत आलास, "ताय, तू भांडतेस कोंकणीत आणि लिहितेस मराठीत. मधल्या वाटेत खरं काय ते गळून पडतं." कोंकणी राजभाषा झाली, गोव्याचं राज्य झालं, तेव्हा तू हॉस्पिटलच्या खाटेवरून टाळ्या वाजवल्यास. मी तुझ्या उशाशी मराठी वर्तमानपत्र वाचत बसले होते. आपल्या डिचोलीत तेव्हा घराघरांत हा वाद होता. आपल्या घरात तो एका खाटेच्या दोन बाजूंना होता, एवढंच. मी तुला विचारायची, "आणि तू तुझे संशोधनाचे निबंध इंग्रजीत का लिहितोस रे?" त्यावर तू कधी उत्तर दिलं नाहीस. तुझ्याकडे उत्तर नव्हतं अशी ती एकच गोष्ट. तिचा मला अजून आनंद आहे.

तुझं रक्त गोठत नव्हतं. तू रांगायला लागलास तेव्हाच आईला ते कळलं, कारण तिचा धाकटा भाऊ असाच दात पडायच्या वयात रक्त जाऊन जाऊन गेला होता. लोकांना वाटतं, या रोगात माणूस कापला की मरतो. तसं नसतं. रक्त आतल्या आत सांध्यांत उतरतं, सांधा भोपळ्यासारखा फुगतो आणि माणूस ओरडायचंही विसरतो. भाषेच्या आंदोलनाच्या दिवसांत तुझा उजवा गुडघा असा फुगला. त्या दिवशी बंद होता, बस नाही, टॅक्सी नाही. बाबांनी खाणीच्या एका ट्रकवाल्याचे पाय धरले, पण त्यालाही दगडफेकीची भीती होती. हॉस्पिटल गाठेपर्यंत गुडघा वाकायचा कायमचा थांबला होता. त्यानंतर तू चाललास तो एक पाय मागे ओढत.

चांगल्या माणसाला असं काही झालं की तो गोड होतो, अशी लोकांची समजूत असते. तू गोड झाला नाहीस. तू पुस्तकं वाचलीस. म्हापशाच्या कॉलेजातून येऊन एका रविवारी सगळे जेवत असताना तू आईला म्हणालास, "हा रोग आवयकडून येतो. बाबांचा त्यात संबंध नाही." बाबांनी पुढे जन्मभर ते वाक्य आईवर वापरलं. तुला ते ऐकू यायचं. तू म्हणायचास, "मी फक्त जे आहे ते सांगितलं."

आणि मग पेडणें.

माझं लग्न मंगेशशी ठरलं होतं. पेडण्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, हा पणजीत सरकारी नोकरीत. त्याने मला दोनदा पाहिलं होतं आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा मी चहा पुढे केला तर कप घ्यायचाच विसरला होता. मी डिचोलीत खाणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. टाइप करताना मी हसते म्हणून साहेब ओरडायचे. एवढंच माझं सुख. त्यात वाढ झाली असती की नाही, कोण जाणे.

तू दोन बसगाड्या बदलून, तो पाय ओढत पेडण्याला गेलास. त्यांच्या ओसरीवर बसून मंगेशच्या आईला सांगितलंस की हिच्या रक्तात हा दोष असू शकतो, असला तर हिला होणाऱ्या प्रत्येक मुलग्याला निम्मा धोका आहे. त्या बाईने तुला पाणी दिलं, बसपर्यंत पोचवायला माणूस दिला आणि आठवड्याच्या आत आपल्याकडे नकार पाठवला. शिवाय साऱ्या पेडणें तालुक्यात सांगितलं, त्या घरच्यांचं रक्त थांबत नाही. नंतर माझ्यासाठी कुठूनही विचारणा आली नाही.

तू घरी आलास तेव्हा मी ऑफिसातून नुकतीच आले होते. "ताय, हांव पेडणें वचून आयलों," तू म्हणालास. "सांगून टाकलं सगळं."

"कोणाक विचारून?" आईने विचारलं.

"विचारायचं काय त्यात? मला खोटं नाही जमत. म्हाका फट मारूंक येना."

आईने तुझ्या तोंडात मारली. आयुष्यात एकदाच. हिमोफिलियाच्या मुलाला कोणी मारत नाही. त्यांना शाळेत मास्तरसुद्धा हात लावत नाहीत. तुझा ओठ दातावर फाटला आणि ते रक्त थांबेना. टॉवेल झाला, चादर झाली, आई त्या चादरीवर बसून स्वतःचा हात दुसऱ्या हाताने दाबत होती. मी तुला हॉस्पिटलात नेलं. तुला रक्त गोठवणारं द्रव्य चढवलं. ते तेव्हा कितीतरी माणसांच्या रक्तातून गोळा करायचे. कोणाच्या रक्तात काय आहे ते बघायची चाचणी नव्हती, कारण त्या विषाणूला अजून नावच पडलं नव्हतं.

तो तुझ्या यकृतात जाऊन बसला. हे आपल्याला पुष्कळ वर्षांनी कळलं, तू हैदराबादला प्रयोगशाळेत लागल्यानंतर.

तुझ्या कामाबद्दल मी लोकांना काय सांगायचं? "भाऊ काय करतो?" विचारलं तर मी म्हणायची, "तेलाचे थेंब करतो." खोटं नव्हतं. गणपतीच्या चवथीला आला होतास, आई नारळाचा रोस काढत होती. तू तो वाटीत घेऊन म्हणालास, "आई, हे बघ. तेल आणि पाणी मिसळत नाही म्हणतात. मग ह्यात तेल कसं राहिलं? बारीक बारीक थेंब होऊन. मी तसेच थेंब करतो, पण ह्याहून खूप लहान. त्या थेंबात एक जीन कोंडतो."

"जीन म्हणजे?"

"शरीराला काय करायचं ते सांगणारा निरोप. माझ्याकडे रक्त गोठवण्याचा निरोप चुकीचा आहे. बरोबर असलेला आत न्यायचा."

"मग तसोच टोंचून घाल."

तेव्हा तू मला पहिल्यांदा खुशीत दिसलास. आईने बरोबर प्रश्न विचारला होता. नुसता निरोप रक्तात सोडला तर रक्तच त्याचे तुकडे करतं, तू सांगितलंस. पेशी त्याला दारात उभं करत नाही. म्हणून बाकीचे लोक विषाणूचा उपयोग करतात, कारण पेशीत घुसायची विद्या त्याच्याकडे आयती असते. त्याच्यातला रोग काढून टाकायचा, आत आपला निरोप भरायचा आणि त्याला सोडायचा. "चांगली युक्ती आहे," तू म्हणालास. "पण शरीर विषाणूला ओळखतं. एकदा ओळखलं की दुसऱ्यांदा येऊ देत नाही. आणि मी एकदा एकाला घरात घेतलाय. पुरे झाला." म्हणून थेंब. थेंबाला शरीर शत्रू मानत नाही. पेशी त्याला खाऊ समजून गिळते. पण गिळते ती एका पिशवीत, आणि पिशवीत सगळं जिरवून टाकते. जिरायच्या आधी थेंबाने पिशवी फोडून बाहेर पडायचं असतं. बहुतेक पडत नाहीत. जे पडतात त्यांतले बहुतेक पुढे पोचत नाहीत.

आई ऐकत होती. तिने विचारलं, "पोचलो तर पाय बरो जातलो?"

"गेलेला पाय येत नाही. नवीन रक्तस्राव थांबेल."

"म्हणजे थांबतलो मरे?"

"उंदराचा थांबेल, आई. तुझ्या मुलाचा नाही."

आई रोसाची वाटी घेऊन आत गेली. मी तुला म्हटलं, एक "होय" म्हटलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? तू म्हणालास, "मग पुढच्या चवथीला ती विचारणार, झाला का." हे बरोबर होतं. तू नेहमी बरोबर असायचास, उल्हास. तुझ्यासोबत राहणं त्यामुळेच कठीण होतं.

तुझ्या यकृताचं आईला कळलं तेव्हा ती थकली होती. तिला कोणी सांगितलं ते आठवत नाही. तुझ्या त्या खेपेला तिने तुला समोर बसवलं आणि विचारलं, "हांवें मारलें, त्या वेळार जें रगत घातलें, तातूंतल्यानच जालें काय रे हें?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुला त्या आधीही रक्त चढवलं होतं, नंतरही. कुठल्या बाटलीतून आलं ते देवालाही सांगता आलं नसतं. "न्हय" म्हणायला तुला एवढा आधार पुरेसा होता. मी तुझ्याकडे डोळे वटारून बघत होते. तू माझ्याकडे पाहिलंसही.

"आसूं येता, आई," तू म्हणालास. असू शकतं.

त्यानंतर आई आणखी काही वर्षं जगली. तिने उजव्या हाताने जेवणं सोडलं. आम्ही पुष्कळ सांगितलं. डाव्या हाताने जेवायची, कुलेर म्हणजे चमचा धरून, पाहुण्यांसमोरसुद्धा. भटजींनी नैवेद्य दाखवायला सांगितलं तर मला पुढे करायची. गेली तेव्हा तू विमानाने आलास, पण उशीर झाला होता. तू विचारलंस, "माझ्याबद्दल काही म्हणाली?" मी म्हटलं, "नाही. तुझं नाव घेतलं नाही." ते खरं होतं. तू म्हणालास, "बरं केलंस सांगितलंस," आणि बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर बसलास. मी बोलवायला आले नाही. मला बरं वाटत होतं.

मधल्या काळात तू माझं रक्त तपासून घेतलंस. हैदराबादला तशी सोय झाली होती. मी नको म्हणत होते. माझे केस पांढरे होत होते, मला कोणासाठी ते कळून घ्यायचं होतं? तू ऐकलं नाहीस. मग ऑफिसात फोन आला. बाहेरून ट्रक जात होते, मला नीट ऐकू येईना, म्हणून तू ओरडून सांगितलंस, "ताय, तुझ्यात ना! तुजें रगत निवळ!" दोष माझ्यात नव्हता, कधीच नव्हता.

मी फोन ठेवला. शाईची पट्टी संपली होती ती बदलली. संध्याकाळी म्हापशाला गेले, कारण घरी जाववेना, आणि बाजारात मंगेश दिसला. खरंच दिसला, मी हे रचून सांगत नाही. त्याच्याबरोबर त्याची बायको होती, दोन मोठे मुलगे होते. त्याने मला ओळखलं आणि भाजीच्या राशीकडे बघायला लागला. मला त्याचा राग नव्हता. माझा सगळा राग एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता.

त्यावरून आपण भांडलो ते मग थांबलोच नाही. तू म्हणायचास, तेव्हा चाचणी नव्हती, मी धोका आहे असं म्हटलं, दोष आहे असं म्हटलं नव्हतं. मी म्हणायची, शब्दांचा प्रश्न नाही. ती गोष्ट माझी होती. ती मी सांगायची होती, माझ्या तोंडाने, मंगेशला, मला वाटेल त्या दिवशी. तू माझ्या अंगातलं काढून दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवून आलास. तू म्हणायचास, "खरं ते खरं. कोणी सांगितलं त्याने काय फरक पडतो?" हे म्हणणारा माणूस जन्मभर एकाच गोष्टीवर डोकं फोडत होता, की निरोप बरोबर असून भागत नाही, तो कसा पोचवायचा. तुला तुझंच काम कळलं नव्हतं, असं मी तुला एकदा म्हटलं. तू पुष्कळ हसलास. मला ते हसणं आठवतं आणि तुझा रागही नीट येत नाही.

आणि एक दिवस तू मला चकित केलंस. दुसऱ्या एका शहरात विषाणूवाल्यांचा माणसांवर प्रयोग सुरू होणार होता, तुझ्याच रोगावर. तू गुपचूप जाऊन त्यांच्या रांगेत उभा राहिलास. त्यांनी तुला तपासलं आणि परत पाठवलं. यकृत खराब, आणि ज्या विषाणूची ते गाडी करणार होते त्याची ओळख तुझ्या रक्ताला आधीच होती, लहानपणी कधीतरी सर्दीसारखं काही होऊन गेलं असेल. तू ते फोनवर सांगितलंस. मी म्हटलं, "तू? थेंबांचा माणूस? तू त्यांच्या दारात गेलास?"

तू म्हणालास, "ताय, पाय दुखतो गो."

तेवढं एकच वाक्य मी तुझ्याकडून असं ऐकलं. त्याच्यासाठी मी शेवटी तुझी सेवा केली.

तू मयेला परत आलास ते पोट फुगलेलं आणि डोळे पिवळे घेऊन. यकृतातला विषाणू गोळ्यांनी कधीच मेला होता, पण त्याने मागे ठेवलेल्या व्रणांत कर्करोग धरला. तूच मला समजावलंस, कोरड्या आवाजात, की तुझे थेंब शरीरात कुठेही सोडले तरी आपोआप यकृतातच जाऊन पडतात, आणि रक्त गोठवायचं द्रव्य तयार होतं तेही यकृतातच. बाकीचे शास्त्रज्ञ थेंब दुसरीकडे न्यायला धडपडतात. तुझ्या रोगाला हवी तीच जागा थेंबांना सापडली होती. फक्त तुझ्याकडे ती जागा उरली नव्हती. "असा विनोद कोणाला सुचणार नाही," तू म्हणालास. मी तुझे पाय चेपत होते. मी हसले नाही, तर तू रागावलास.

तुझ्या विद्यार्थिनीचा फोन आला तो तुझ्या शुद्धीचा शेवटचा दिवस होता. शेवटच्या तुकडीतल्या उंदरांत थेंब पोचले होते, रक्त गोठायलाही लागलं होतं, आणि काही आठवड्यांनी सगळं विरून गेलं. निरोप पोचतो पण टिकत नाही. ती पोर रडत होती. तू तिला म्हणालास, "रडू नको. नीट लिहून काढ. पुढचा माणूस तीच चूक करणार नाही."

फोन ठेवल्यावर मी तुला विचारलं. मला ठाऊक होतं, आता नाही तर कधीच नाही. "पेडण्याला जायच्या आधी मला का विचारलं नाहीस?"

तू डोळे मिटूनच म्हणालास, "तू नको म्हणाली असतीस."

"होय, म्हणाले असते."

"म्हणूनच."

मी तुझे पाय सोडले. खूप वेळाने तू म्हणालास, "ताय, जनेल उघड." मी खिडकी उघडली. हेच शेवटचं. माफीचा शब्द नाही. मी वाट पाहिली, हे तुला कळलं होतं, आणि मला बरं वाटावं म्हणून खोटी माफी मागणं तुला जमलं नाही. कधीकधी मला त्याचा अभिमान वाटतो. बहुतेक वेळा वाटत नाही.

आज संध्याकाळी गावाने शाळेच्या सभागृहात तुझी शोकसभा घेतली. पुढाऱ्याने माइक धरला आणि सांगितलं की मयेच्या या सुपुत्राने रक्ताच्या भयंकर रोगावर औषध शोधून काढलं, सरकारने त्याच्या नावाने काहीतरी करायला हवं. टाळ्या झाल्या. तुझ्या शाळेतले दोन सोबती डोळे पुसत होते. मला बोलायला सांगितलं. मी उठले आणि म्हटलं, "औषध सापडलेलं नाही. त्याने विषाणूशिवाय जीन आत न्यायची एक वाट केली. उंदरात ती चालली आणि पुन्हा बंद पडली. पुढचं काम दुसरे करतायत." मी खाली बसले. बाहेर पडताना आपला चुलतभाऊ म्हणाला, "मेल्यावर तरी त्याका सोडपाचो आशिल्लो."

पायरीवर एक बाई थांबली होती. सविता नाव, कोल्हापूरकडची, नवरा डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कामाला. कोणीतरी तिला सांगितलं होतं की औषध शोधणाऱ्या माणसाची सभा आहे. तिच्या मुलाला तुझाच रोग, त्याचा गुडघा सुजला म्हणून त्याला घरी ठेवून ती एकटीच आली होती.

"बाई, त्ये औषध कुठं मिळतंय?" तिने विचारलं.

"नाही मिळत. मी आत सांगितलं ना?"

"मागं बसलो हुतो. न्हाई ऐकू आलं." मग तिचा चेहरा बदलला. "मग त्ये मगाशी टाळ्या कशापायी वाजवत हुते?"

मी तिला पायरीवर बसवलं आणि मला येत होतं तेवढं सांगितलं. मुलाला दंडात, कमरेत इंजेक्शन टोचू द्यायचं नाही. दुखतं म्हणून दुकानातली गोळी द्यायची नाही. सांधा सुजला की बर्फ, आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. तिथे आता रक्त गोठवणारं द्रव्य मिळतं, तपासलेलं, चांगलं. तिने प्रत्येक गोष्ट माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतली. "गावाकडं दंडातच टोचलं हुतं वो," ती म्हणाली. आज आता बस नव्हती; रात्रभर बर्फ ठेवायला सांगितलं, आणि उद्या सकाळी पहिल्या बसने आम्ही दोघी त्याला घेऊन पणजीला जातोय.

तिला एक धाकटी मुलगीही आहे. जायला उठताना तिने सांगितलं, "तिला काय न्हाई, ती चांगली हाय," आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही की हे कुणाकडून येतं आणि पुढे कुणाकडे जाऊ शकतं. तू असतास तर तिथेच, त्या पायरीवर, सांगून मोकळा झाला असतास.

मी तिला पायरीखाली काढलेली चप्पल शोधून दिली. तिने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, उल्हास. पण ती विचारीपर्यंत मी थांबणार आहे.